होकार कसा ऐकायचा

बोलायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. मी ऐकायला शिकवते.

जावा बेटावरच्या आमच्या शहरातून खाडीकडे ट्रक जातात, त्या रस्त्यावर परदेशी माणसांना ठेवायचं सरकारी घर आहे. कोणाच्या व्हिसाची मुदत संपलेली, कोणाचा पासपोर्ट समुद्रात गेलेला, कोणाला परत जायला गावच उरलेलं नाही, अशी माणसं तिथे राहतात. म्हणजे ठेवलेली असतात. याला तुरुंग म्हणायचं नाही, असं तिथले साहेब, पाक गुनार्सो, नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगतात आणि मग जरा ओशाळून भिंतीकडे बघतात. भिंत चांगली उंच आहे.

त्या घरासमोर माझं शिवणाचं दुकान. एकदा मी तिथे पडदे लावायला गेले होते. स्टुलावर चढून कड्या अडकवत होते आणि खाली एक पहारेकरी एका माणसाला औषध घ्यायला ये म्हणून सांगत होता. तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज चढवून, बहिऱ्याला सांगावं तसं. त्या माणसाने तीनदा मान डोलावली आणि खोलीत जाऊन झोपला. मी स्टुलावरून उतरले, खोलीच्या दाराशी गेले आणि तेच वाक्य हळू, तुकडे करून, हाताने गोळी गिळून दाखवत एकदाच म्हटलं. माणूस उठून आला. पाक गुनार्सोंनी ते पाहिलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे 'बू गुरू' झाले. पाक म्हणजे साहेब, बू म्हणजे बाई आणि गुरू म्हणजे गुरू, ते काही समजावून सांगायला नको.

माझी स्वतःची शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण रेडिओने केलं. मशीनवर पाय हलवत उभा जन्म रेडिओ ऐकला. बातम्या, श्रुतिका, मासळीचे भाव, हरवलेल्या म्हशी. त्यामुळे बाकी कशात नाही, पण ऐकण्यात माझा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नाही, असा माझा समज होता.

वर्गाला पुस्तक नव्हतं. मी सगळ्यांना भिंतीशी नेऊन बसवायची. भिंतीपलीकडून शहर जायचं. वाडग्यावर चमचा वाजला की मांसाच्या गोळ्यांचं सूप, वाफेची बारीक शिट्टी आली की तांदळाचा पुटू, आणि लांबवर नाकातून ओढलेली आरोळी आली की चपलांना टाके घालणारा. आधी आवाज ओळखायचे, मग शब्द, मग कोण कोणाला काय म्हणतंय ते. गिऱ्हाईक भाव करतंय की नुसती चौकशी? सूपवाला चिडलाय की थट्टा करतोय? माझे विद्यार्थी डोळे मिटून बसायचे. ज्यांनी हे शहर फक्त येताना गाडीच्या जाळीतून पाहिलं होतं, त्यांना आमच्या रस्त्यावर कोणाचं कोणाशी पटत नाही इथपर्यंत माहिती झाली.

वर्गात सगळ्यात तरबेज होता गुलाम सखी. अफगाणिस्तानातल्या घाटांत बस चालवायचा. माणूस पन्नाशीचा, पण वात्रट. ट्रकच्या आवाजावरून तो भरलेला की रिकामा ते सांगायचा, आणि मला म्हणायचा, "बू गुरू, तुमच्या देशात माणसांपेक्षा इंजिनं स्पष्ट बोलतात."

आणि सगळ्यात अवघड होती होदान. सोमालियाच्या किसमायो बंदरातली कापडवाली. चाळिशीची, ताडासारखी उंच, आणि आवाज असा की बाजाराच्या एका टोकाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या टोकावरून हाक मारावी. ती कुजबुजली तरी पहारेकरी दचकायचे. होदानला माझे शब्द पटापट यायचे. पटायचं मात्र काही नाही.

"तो म्हणाला 'बघू हं'," ती मला विचारायची. "मग काय बघितलं त्याने?"

"काही नाही बघणार. 'बघू हं' म्हणजे नाही."

"मग नाही का नाही म्हणाला?"

आमच्या जावात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या पायावर पाय देऊन उभं राहणं. होदान म्हणायची, आमच्याकडे माणूस सरळ नाही म्हणतो, मग भांडण होतं, आरडाओरडा होतो, चार लोक जमतात, आणि संध्याकाळी दोघं एकाच किटलीतला चहा पितात. तुमच्याकडे भांडण होत नाही, पण चहाही गार होतो.

अशात एके दिवशी पाक गुनार्सो वर्गात आले. चेहऱ्यावर आनंद, पण आनंद दाखवायचा की नाही याची काळजी. निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेने होदानसाठी भिंतीबाहेर एक जागा शोधली होती. कालव्याकाठच्या आळीत, बू दार्सिती नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरातली मागची खोली, तिला जोडून छोटं स्वयंपाकघर. वरच्या कचेरीत सह्या झाल्या होत्या. राहिलं होतं एवढंच की घरमालकीणबाई राजी हव्यात आणि शेजारपाजारची हरकत नको. शनिवारी बू दार्सिती आणि आळीप्रमुखाची बायको इथे येऊन होदानला भेटणार. त्यांनी मान हलवली तर ती बाहेर जाणार. नाही हलवली तर पुन्हा जागा कधी सापडेल ते साहेबांनाही माहीत नव्हतं. त्यांनी नुसतेच हात पसरले.

होदानने खोलीबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, "चूल आहे?"

आहे म्हणाले. या भिंतीत आल्यापासून तिने दुसऱ्याने शिजवलेलं, दुसऱ्याच्या वेळेला, दुसऱ्याच्या हाताच्या मिठाचं खाल्लं होतं. तिचं म्हणणं असं की माणूस असं फार दिवस जेवला की आपण कोण ते त्याची जीभच विसरते.

मग मी पदर खोचला. मला आमच्या बायका ठाऊक होत्या. त्या येतील, बसतील, हवापाण्याचं बोलतील, आणि नकार द्यायचा असेल तर तो असा अलगद ठेवून जातील की होदान दुसऱ्या दिवशी सामान बांधून दाराशी उभी राहील. ती फजिती मला नको होती. म्हणून मी तो सगळा आठवडा रोज जाऊन एकच विषय घेतला: नकार कसा ऐकायचा.

'बघू हं' म्हणजे नाही. 'घरच्यांना विचारते' म्हणजे नाही, आणि घरात कोणी नसेल तर ठार नाही. एकदा 'हो' म्हणजे ऐकलं, दोनदा 'हो, हो' म्हणजे पुरे झालं, तीनदा 'हो, हो, हो' म्हणजे विसरा. दातांतून श्वास आत ओढला की विषय बदलायचा. अडचणी सांगायला लागले की आपणच म्हणायचं, "छे, छे, आमच्यासाठी त्रास नका घेऊ," म्हणजे त्यांची सुटका होते आणि आपली शोभा राहते.

सरावासाठी गुलाम सखी घरमालकीण झाला. डोक्यावर टॉवेल घेतला, गुडघे जुळवून बसला आणि पापण्या मिटमिटवू लागला. होदानने विचारलं, "मला तुमची खोली द्याल का?"

"हो, हो, हो," गुलाम सखी म्हणाला. "छानच की. फक्त माझ्या बकरीला विचारून सांगते."

"नाही म्हणाली," होदान म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

बाई हुशार. तीन-चार दिवसांत तिला असं काही कान फुटले की विचारू नका. स्वयंपाकी एकदा म्हणाला, भात व्हायचाय अजून. होदानने बायकांच्या खोलीत जाऊन जाहीर केलं, आज भात मिळणार नाही, माणूस लाजतोय. सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली आणि आडव्या झाल्या. तासाभराने स्वयंपाकी बिचारा भरलेलं पातेलं घेऊन दारोदार हिंडत होता. मी ते ऐकून हसले, आणि खोटं कशाला बोलू, मनातून फुगलेसुद्धा.

शनिवारी भेटीच्या दालनात टेबलावर धुतलेलं कापड घातलं. केळ्याची भजी, गोड चहा. पाक गुनार्सोंनी मला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली आणि हळूच म्हणाले, "बू, तुम्ही आज फक्त श्वास घ्यायचा. तिचं तिला बोलू द्या."

आळीप्रमुखाची बायको बू लास्मिनी, गोल आणि हसरी, पुढे. मागे बू दार्सिती. साठीच्या, काटकुळ्या, कडक इस्त्रीचा बाटिकचा पोशाख, हातात छत्री. मुली तैवानात कामाला, नवरा नाही. होदान उठून उभी राहिली, तेव्हा दोघींना मान वर करावी लागली. तिने आवाज इतका खाली आणला होता की मलाच पुढे वाकावं लागलं.

हवेचं झालं. भज्यांचं झालं. तैवानातल्या थंडीचं झालं. मग बू दार्सिती कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाल्या, "माझं घर म्हणजे काय, कोंबड्यांचं खुराडं. छप्पर एका कोपऱ्यात गळतं."

मला कोपऱ्यात बरं वाटलं.

"आणि भरती मोठी असली की पाणी अंगणात येतं. स्वयंपाकघर अंधारं. मोरी अशी की तुमच्यासारख्या उंच बाईला वाकावं लागेल. सवय नसेल तुम्हाला असल्या घराची."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. कारण आमच्यात ज्याला टाळायचं असतं त्याच्यापुढे कोणी घराची निंदा करत नाही. ज्याला बोलवायचं असतं त्याच्यापुढे करतात. गरिबाचं घर आहे, गोड मानून घ्या, असं म्हणण्याची ती रीत. मोरीची उंची सांगितली म्हणजे बाईने होदानला मनातल्या मनात मोरीत उभी करून पाहिली होती. याहून स्पष्ट होकार जावात मिळत नाही.

आणि तेवढ्यात मला आठवलं की हे मी शिकवलेलंच नाही.

होदानने सगळं कान देऊन ऐकलं. गळकं छप्पर, भरतीचं पाणी, अंधार, मोरी. अडचणींमागून अडचणी. तिचा चेहरा पडला, पण तिने तो लगेच सावरला, आणि माझ्या शिकवणीतलं सर्वांत देखणं हसू हसत, मऊसूत आवाजात म्हणाली, "छे, छे. आमच्यासाठी तुम्ही त्रास नका घेऊ."

बू दार्सितींचा हात कपावर थांबला. बू लास्मिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मी दातांतून श्वास आत ओढला. साहेबांनी श्वासाचीच परवानगी दिली होती.

"नाही, त्रास कसला," बू दार्सिती हळूच म्हणाल्या. "पण खरंच, तुम्हाला नसेलच आवडायचं."

"तुमची मोठी कृपा," होदान म्हणाली. "बघू हं."

झालं. मग दोघींनी छत्र्या उचलल्या, सगळे उठले, आणि दारातून वळून बू दार्सिती म्हणाल्या, "या हं कधीतरी घरी." हे आमच्याकडे सगळेच सगळ्यांना म्हणतात, बसच्या खिडकीतूनसुद्धा. आजवर त्यावरून कोणी कोणाकडे गेल्याचं ऐकिवात नाही. फाटकाशी बू लास्मिनी माझ्या कानाशी लागल्या. "किती गोड बोलते हो तुमची बाई. अगदी आपल्यासारखी. पण दार्सितीचं घर काही तिच्या मनात भरलं नाही."

मी परत आले तेव्हा होदान वर्गाला सांगत होती की बाईने नकार दिला, पण मी तिला जराही अवघडू दिलं नाही. सांगताना तिचे डोळे भरलेले आणि मान ताठ. गुलाम सखी टॉवेलशी चाळा करत होता.

मला खरं सांगावंच लागलं. सांगितलं, तिने हो म्हटलं होतं. छप्पर, भरती, मोरी, सगळा होकारच होता. नाही तू म्हणालीस.

होदानचा मूळचा आवाज परत आला. बाहेरच्या सूपवाल्यानेही चमचा वाजवायचा थांबवला असेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बू, तुम्ही मला आठवडाभर नकार ऐकायला शिकवलंत. होकार ऐकायला कोण शिकवणार होतं?"

खरं म्हणजे होकार कसा ऐकू येतो ते मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. नकाराच्या खुणा मला तोंडपाठ होत्या. होकार आम्हाला हवेसारखा कळतो. हवा कशी शिकवायची? शेवटी मी एवढंच म्हटलं की मी बू लास्मिनींना जाऊन समजावते.

"तुम्ही समजावणार म्हणजे कसं," होदान म्हणाली. "तुम्ही त्यांना हवेचं विचारणार, त्या तुम्हाला भज्यांचं सांगणार. तोवर माझे दात पडतील."

"भजी खायला दात लागत नाहीत," गुलाम सखी म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टॉवेल डोक्यावर ओढला.

मग ती जरा शांत झाली आणि तिने मला विचारलं, जाताना बाई काय म्हणाली. मी म्हटलं, 'या हं कधीतरी घरी.' पण त्याचा अर्थ—

"अर्थ मला माहीत आहे. अर्थ काहीच नाही. तुमच्याकडे शिकलेय मी." तिने ओढणी खांद्यावर टाकली. "पण म्हणाली ना? साक्षीदार आहेत ना? मग मी जाणार. गुरुवारी."

मी म्हटलं, असं कोणी करत नाही. ती म्हणाली, म्हणूनच.

पाक गुनार्सोंना विचारलं तेव्हा त्यांनी आधी तीनदा 'हो' म्हटलं. होदान हलली नाही. साहेबांनी घसा खाकरला, कान खाजवला, आणि चौथ्यांदा हो म्हणाले. ते मात्र खरं निघालं. अट एवढीच की ते स्वतः बरोबर येणार आणि तासाभरात परत. मला वाटतं, त्यांनाही बघायचं होतं.

गुरुवारी आम्ही तिघं कालव्याच्या काठाने निघालो. होदान मधेच थांबायची. आवाजाला चेहरा सापडला की थांबायची. हा का पुटूवाला, मला वाटलं लठ्ठ असेल. मी घाई करत होते. दुसऱ्याच्या घरी न सांगता पाहुणे घेऊन जायचं, तेही रिकाम्या आमंत्रणावर.

बू दार्सिती अंगणात घरच्या झग्यात मिरच्या वाळत घालत होत्या. आम्हाला पाहून त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्या आत पळाल्या, ओढणी गुंडाळून बाहेर आल्या आणि जणू वाटच बघत होत्या अशा हसल्या. या, बसा. खुर्ची मोडकी आहे, जपून. पंखा हळू फिरतो. घरात खायला असं काहीच नाही, म्हणत तीन बश्या मांडल्या.

आणि पुन्हा तेच सुरू झालं. खोली दाखवली, म्हणाल्या, कोंदट आहे. खिडकी दाखवली, म्हणाल्या, डास येतात. चूल दाखवली, म्हणाल्या, जुनी आहे. होदान प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची. मी डोळ्यांनी सांगत होते, हो, हा होकार आहे. पण आता मलाच शंका यायला लागली. बाई परवाच्या नकाराने दुखावल्या होत्या. डास खरोखरचे असतील तर? एकाच सुरात आपलेपणही बसतं आणि अढीही. जन्मभर ऐकण्यावर गुजराण केलेली मी, आणि मला त्या चुलीपाशी सांगता येईना. पाक गुनार्सो घड्याळाकडे बघून पुन्हा बघत नसल्याचं दाखवत होते.

चुलीवर किटली खदखदायला लागली. होदानने, आपल्या सवयीने, ती उतरवायला उघडाच हात पुढे केला. बू दार्सिती जोरात ओरडल्या. तो शब्द ना आमच्या जावी भाषेतला होता, ना इंडोनेशियन. होदानने हात मागे घेतला, वळली, आणि डोळे मोठे करून तसलंच काहीतरी बोलली.

अरबी. आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांसारख्या बू दार्सितीही तरुणपणी सौदीत, जेद्दाला घरकामाला होत्या, नऊ-दहा वर्षं. आणि बंदरात येमेनी व्यापाऱ्यांना कापड विकणाऱ्या होदानला अरबी येणारच. पण बू दार्सितींची अरबी कुठली? मालकिणीच्या स्वयंपाकघरातली. उचल, ठेव, धू, लवकर, हात लावू नकोस, का रडतेस. त्या भाषेत त्यांना 'गोड मानून घ्या' कोणी शिकवलंच नव्हतं. त्या भाषेत त्यांच्याकडे फक्त हुकूम होते आणि प्रश्न होते.

दोघी चुलीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींवर ओरडायला लागल्या. बू दार्सितींचा असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. काटकुळी बाई, कमरेवर हात, हनुवटी वर. पाक गुनार्सो अर्धे उठले. "भांडतायत का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत. एक अक्षर कळत नव्हतं. तिथे माझ्याइतकं बहिरं दुसरं कोणी नव्हतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांचे दिवस कसे जात असतील ते मला त्या चुलीपाशी नीट समजलं. मी मान डोलावत उभी राहिले. तेवढंच जमतं.

ते संभाषण होदानने मला नंतर सांगितलं. असं होतं:

"घर पाहिजे?"

"पाहिजे."

"मग परवा नाही का म्हणालीस?"

"तू आधी म्हणालीस."

"मी कधी?"

"छप्पर. पाणी. मोरी."

"छप्पर गळतं! खरंच गळतं. काय सांगू, नाही गळत?"

"गळू दे."

"किती माणसं?"

"मी."

"मांस शिजवणार?"

"रोज मिळालं तर रोज."

"वास?"

"येणार."

"चांगलं. इथे वासच नाही कसला. रडतेस?"

"कधी कधी."

"मोठ्याने?"

"माझं सगळंच मोठ्याने."

"रड. मी बाथरूममध्ये रडायचे जेद्दात, नळ सोडून. इथे नळ सोडायचा नाही, पाण्याची टंचाई असते."

इथे दोघी थांबल्या. मला दिसलं ते एवढंच की होदान हसायला लागली आणि बू दार्सितींनी ओढणीच्या टोकाने तिचं की स्वतःचं नाक पुसलं. मग त्या आमच्याकडे वळल्या, कमरेवरचे हात खाली आले, हनुवटी खाली आली, आणि आपल्या नेहमीच्या रेशमी आवाजात साहेबांना म्हणाल्या, "यांना अडचण होणार नसेल, आणि घर अगदीच नकोसं वाटणार नसेल, तर पाक, बघू हं."

पाक गुनार्सोंचे खांदे पडले. ते हळहळत माझ्याकडे बघून पुटपुटले, "नाहीच म्हणाल्या."

"नाही पाक," मी म्हटलं. "हो म्हणाल्या."

"'बघू हं' म्हणाल्या. मीही इथलाच आहे, बू."

"आधी अरबीत हो म्हणाल्या, होदानचं तोंड बघा. हे नुसतं वर घातलेलं झाकण आहे."

मग त्यांनी विचारलं की अरबीतला होकार वरच्या कचेरीला कसा कळवायचा. मी म्हटलं, कळवा की बाई राजी आहेत; त्या कुठल्या भाषेत राजी आहेत ते कोण विचारतंय.

निघताना चपला घालेपर्यंत आमचे नेहमीचे नमस्कार चालले. त्रास दिला. छे, त्रास कसला. काही खाल्लंच नाही तुम्ही. पुष्कळ झालं. आम्ही कालव्याच्या वळणापर्यंत आलो आणि मागून अंगणातून आरोळी आली. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. बू दार्सिती मिरच्यांच्या टोपलीशी उभ्या राहून, हात हवेत फेकत, अरबीत काहीतरी बजावत होत्या. होदानने तिथूनच, बंदरातल्या आवाजात, उत्तर दिलं. कालव्यावरचे बगळे उडाले. खिडक्या बंद झाल्या नाहीत. उलट तिसरी उघडली.

काय म्हणाल्या, मी विचारलं.

"म्हणाली, सोमवारी ये. आणि उशी आपली आण, माझ्याकडच्या वाईट आहेत."

मी शिक्षिका आहे, राहवलं नाही. म्हटलं, "ते तसं म्हणायची रीत आहे, होदान. त्या तुझ्यासाठी चांगली उशी काढून ठेवतील, बघ."

"अरबीत म्हणाली, बू," होदान म्हणाली. "म्हणजे खरंच वाईट असणार." आणि परतीच्या वाटेवर तिने साहेबांकडून बाजारात थांबायची परवानगी काढली, उशीसाठी.